संगणकावरचं जॉबवर्क आणि सटाणा

सटाण्याहून मालेगाव एसटीने तासाभराच्या अंतरावर आहे. तिथल्या यंत्रमागांच्या गल्ल्यांत ‘जॉबवर्क’ म्हणजे काय, हे शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. व्यापारी सूत देतो, मागवाला कापड विणून परत करतो आणि विणाईची मजुरी घेतो. ते कापड पुढे कुणी घेतलं, काय भावाने घेतलं, याच्याशी त्याचा संबंध नसतो. जिल्ह्याच्या दुसऱ्या अंगाला सिन्नरमध्ये बायांच्या पिढ्यान्‌पिढ्या घरी बसून विड्या वळण्यात गेल्या. पानं कारखान्याची, तंबाखू कारखान्याचा, मजुरी हजार विड्यांवर आणि खराब म्हणून बाजूला काढलेल्या विड्यांची कपात वळणारीच्या पदरात.

बाहेरचं काम गावात आणून करायचं, हे नाशिक जिल्ह्याला नवं नाही. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत देशभर त्यात आणखी एका मालाची भर पडली, ती म्हणजे कागदांची. विमा कंपनीकडे आलेले दाव्यांचे अर्ज, बँकेत खातं उघडायचे फॉर्म, दवाखान्यांची बिलं, मोबाइल कंपनीच्या ग्राहकांच्या तक्रारी, परदेशी दुकानांच्या वस्तूंच्या याद्या. हे सगळं कंपनीच्या स्वतःच्या कचेरीत न करता बाहेर दुसऱ्याकडून करून घ्यायचं, याला बीपीओ म्हणतात. ते ‘बाहेर’ म्हणजे बंगळुरू किंवा गुरगाव नसून एखादं तालुक्याचं गाव असेल, तर तो ग्रामीण बीपीओ.

सटाणा अशा कामाला योग्य आहे का, हा प्रश्न अधूनमधून कुणी ना कुणी काढतं. गाव बागलाण तालुक्याचं ठाणं, आरम नदीकाठचं, नाशिकपासून साधारण नव्वद किलोमीटर. कांदा, डाळिंब आणि हंगामाआधी येणारी अर्ली द्राक्षं ही इथली ओळख. आणि हे गाव ज्यांच्या नावाने ओळखलं जातं ते देवमामलेदार यशवंतराव महाराज स्वतः महसूल खात्यातले अधिकारी होते. एकोणिसाव्या शतकातल्या दुष्काळात त्यांनी सरकारी खजिना लोकांसाठी मोकळा केला, म्हणून लोकांनी त्यांना देव मानलं. कचेरीतल्या माणसाचं देऊळ आणि त्याची मोठी यात्रा असलेली गावं महाराष्ट्रात फार नाहीत. तेव्हा टेबल-खुर्चीच्या कामाला इथे कुणी कमी लेखणार नाही.

आधी हे काम चालतं कसं, ते पाहू. मुंबईत विमा कंपनीकडे हाताने भरलेला अर्ज येतो. तो तिथेच स्कॅन होतो. त्याच्या प्रतिमेचे तुकडे पाडले जातात: नाव एका तुकड्यात, रक्कम दुसऱ्या, खात्याचा क्रमांक तिसऱ्या. गावातल्या केंद्रात बसलेल्या मुलीच्या पडद्यावर नुसते आकडे किंवा नुसती नावं येतात. पूर्ण अर्ज तिला दिसतच नाही. तिने टाइप केलेलं तेच दुसरी मुलगी स्वतंत्रपणे टाइप करते. दोघींचं जुळलं तर पुढे, नाही जुळलं तर तिसरी निवाडा करते. त्यामुळे गुप्तता राहते आणि चुकाही पकडल्या जातात. कामाची भाषा ठरलेली आहे. प्रोसेस, टार्गेट, क्यूसी म्हणजे दर्जाची तपासणी, शिफ्ट. किती तासांत काम परत करायचं आणि शंभरात किती चुका चालतील, हे करारात लिहिलेलं असतं. ते पाळलं नाही तर पैसे कापतात. विडीची गोष्ट इथे फक्त संगणकावर चढली आहे.

तुकडे पाडण्याची ही खबरदारी उगाच घेतली जात नाही. २००५ साली पुण्यातल्या एका बीपीओतल्या काही कर्मचाऱ्यांनी सिटीबँकेच्या अमेरिकी ग्राहकांकडून त्यांचे पासवर्ड काढून घेतले आणि सुमारे साडेतीन लाख डॉलर परस्पर वळवले. त्या प्रकरणाचा गाजावाजा जगभर झाला. चोरी करायला खेडं लागत नाही, पुणंही पुरतं. पण खेड्यातल्या केंद्राकडे काम देताना गिऱ्हाईक पहिला प्रश्न सुरक्षेचाच विचारतं.

महाराष्ट्रात या धंद्याची मुळं बरीच खोल आहेत. टाटा कन्सल्टन्सीच्या उभारणीत सुरुवातीला असलेल्या ललित कनोडियांनी १९७५ मध्ये मुंबईत डेटामॅटिक्स काढली. १९९६ मध्ये ब्रिटिश एअरवेजने आपली हिशेबाची आणि तिकिटांची मागची कामं मुंबईत आणली आणि त्यातून पुढे डब्ल्यूएनएस ही कंपनी उभी राहिली. या दोन्ही कंपन्यांनी मुंबईबाहेर जागा शोधताना नाशिक निवडलं. म्हणजे लंडनच्या विमान कंपनीचं काम मुंबईमार्गे नाशिकपर्यंत पोचलं. पुढचे नव्वद किलोमीटर मात्र फार लांबचे निघाले.

ते अंतर ओलांडायचे पहिले ठळक प्रयत्न दक्षिणेत झाले. पुण्यात इंजिनीयरिंग शिकलेल्या सलोनी मल्होत्रा यांनी आयआयटी मद्रासमधले प्रा. अशोक झुनझुनवाला यांच्या पाठबळावर ‘देसीक्रू’ सुरू केली. २००७ मध्ये तिची रीतसर कंपनी झाली. तमिळनाडूतल्या तिरुवारूर जिल्ह्यासारख्या भागात तिची केंद्रं निघाली. त्याच वर्षी राजस्थानात झुंझुनू जिल्ह्यातल्या बगड गावी ‘सोर्स फॉर चेंज’ हे फक्त स्त्रिया चालवणारं केंद्र उभं राहिलं. २००८ मध्ये ‘रुरलशोअर्स’ने कर्नाटकातल्या बागेपल्लीत पहिलं केंद्र उघडलं आणि देशातल्या ५०० जिल्ह्यांत एकेक केंद्र काढण्याचा संकल्प सोडला.

तो काळ अशा संकल्पांचा होता. हिशेब साधा दिसत होता. शहरातल्या बीपीओत जागेचं भाडं मोठं, कर्मचाऱ्यांना आणायला-सोडायला गाड्या लागत आणि शिकवून तयार केलेला माणूस वर्षभरात दुसरीकडे जाई. गावात भाडं नगण्य, पगार निम्म्याहून कमी आणि माणूस टिकतो. कंपन्या आपल्या सादरीकरणांत या शेवटच्या मुद्द्याचं फार कौतुक करत. गावची माणसं इमानी असतात, असं सांगत. त्यात थोडी गफलत आहे. गावात माणूस टिकतो कारण त्याला दुसरीकडे जायला जागा नसते. तेव्हाच्या महिना तीन-साडेतीन हजारांत पदवीधर मुलगी काम सोडत नव्हती, याचं श्रेय तिच्या इमानाला देण्याआधी तालुक्यात तिला दुसरं कोणतं काम मिळत होतं, ते पाहायला हवं. बहुतेक ठिकाणी ते खाजगी शाळेत बिनपगारी शिकवण्याचं किंवा दुकानात उभं राहण्याचं असे.

५०० जिल्ह्यांचा संकल्प पुरा झाला नाही. केंद्रं काही डझनांच्या पुढे गेली नाहीत. का गेली नाहीत, याचं सर्वांत बोलकं उदाहरण आंध्रातलं आहे. गोदावरीच्या पट्ट्यात बिर्राजू फाउंडेशनने ‘ग्रामआयटी’ नावाची केंद्रं काढली. संस्था सत्यम कॉम्प्युटर्सच्या रामलिंग राजूंच्या घराण्याची. त्यामुळे काम शोधायला लांब जावं लागलं नाही. सत्यमचीच अंतर्गत कामं गावात आली. केंद्रं छान चालली, परदेशी पाहुणे पाहायला आले. ७ जानेवारी २००९ रोजी राजूंनी कंपनीच्या हिशेबात हजारो कोटींची खोटी रक्कम दाखवल्याची कबुली दिली. फाउंडेशनच्या पैशाचा झरा आटला आणि केंद्रांच्या कामाचाही. त्या गावातल्या मुलांची टायपिंगची गती आदल्या दिवशीइतकीच होती, अचूकताही तितकीच. गेलं होतं ते गिऱ्हाईक.

म्हणून ग्रामीण बीपीओवर बोलताना संगणक, वीज आणि इंग्रजी यांच्याआधी करार कुणाच्या हातात आहे, ते विचारावं. काम आणून देणारा एकच असेल आणि तो शहरात असेल, तर केंद्राची अवस्था मालेगावच्या एखाद्या मागवाल्यासारखीच होते. सूत आलं तर माग चालतो.

सरकारनेही यात हात घातला. केंद्राच्या डिजिटल इंडियाखाली ‘इंडिया बीपीओ प्रोत्साहन योजना’ आली. तिच्यासाठी ४९३ कोटी रुपयांची तरतूद आणि ४८,३०० सीटचं लक्ष्य होतं. सीट म्हणजे एक टेबल, एक संगणक, एक खुर्ची. मुंबई, पुणे, बंगळुरू, दिल्ली परिसर अशी मोठी शहरं वगळून इतरत्र केंद्र काढणाऱ्याला सीटमागे एक लाख रुपयांपर्यंत मदत, स्त्रिया आणि दिव्यांगांना नेमलं तर वर आणखी प्रोत्साहन. सीटची वाटणी राज्यांच्या लोकसंख्येनुसार झाली.

या योजनेतला एक आकडा मुद्दाम पाहण्यासारखा आहे. ४८,३०० सीटमधून सुमारे १.४५ लाख रोजगार मिळतील, असं सांगण्यात आलं होतं. ४८,३०० ला तीनने गुणलं की हा आकडा येतो. म्हणजे प्रत्येक खुर्चीवर दिवसातून तीन पाळ्यांत तीन माणसं बसतील, असं धरलं होतं. बंगळुरूत हे होतं, कारण तिथे अमेरिकेच्या दिवसासाठी रात्र जागवतात आणि दाराशी गाडी येते. सटाण्यात तिसऱ्या पाळीला कोण येणार? नामपूर, ताहाराबाद, डांगसौंदाण्याहून येणारी मुलगी एसटीच्या वेळापत्रकाला बांधलेली असते. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याने रात्री साडेनऊ ते सकाळी सात या वेळात स्त्रियांना काम देण्याची मुभा दिली आहे. पण त्यासाठी तिची संमती हवी आणि सुरक्षेची व घरी सोडण्याची व्यवस्था मालकाने करायला हवी. वीस-पंचवीस सीटच्या केंद्राला हा खर्च झेपत नाही. प्रत्यक्षात त्या योजनेतून देशभरात अडीचशेच्या आसपास केंद्रं उभी राहिली आणि थेट रोजगार पन्नास हजारांच्या घरात मिळाला. म्हणजे सीटला माणूस एक. आकड्यांनीच सांगून टाकलं की मोठ्या शहरांबाहेर बीपीओ दिवसाच चालतो.

आणि ही केंद्रंही बव्हंशी जिल्ह्याच्या शहरांत निघाली. तालुक्याच्या गावापर्यंत योजना क्वचितच उतरली. मोठं शहर नसलं की ते खेडंच, अशी सोयीची व्याख्या त्यामागे होती.

इकडे महाराष्ट्रात काय घडत होतं? मेळघाटातल्या हरिसालला २०१६ मध्ये राज्य सरकार आणि मायक्रोसॉफ्ट यांनी ‘डिजिटल गाव’ म्हणून पुढे आणलं. वायफाय आलं, दूरवैद्यकाची सोय आली, छायाचित्रं निघाली. २०१९ च्या लोकसभा प्रचारात राज ठाकरे यांनी सरकारी जाहिरातीत झळकलेला हरिसालचाच तरुण सभेच्या व्यासपीठावर उभा केला आणि गावातल्या सोयींचं पितळ उघडं पाडल्याचा दावा केला. राजकारण बाजूला ठेवलं तरी एक गोष्ट उरते. इंटरनेट आल्याने गावात काम येत नाही. तार आली, तरी तिच्यावरून कुणीतरी काम पाठवावं लागतं.

त्याच्या उलट उदाहरण पालघर जिल्ह्यातल्या आमले या आदिवासी गावाचं. तिथे गाजावाजा नव्हता. मायक्रोसॉफ्ट रिसर्चच्या संशोधकांनी एक साधं अ‍ॅप बनवलं. हस्ताक्षरातला मराठी किंवा हिंदी शब्द मोबाइलवर दिसायचा आणि तो टाइप करायचा. संगणक आणि इंग्रजी यांच्याशी फारसा संबंध नसलेल्या माणसांनी स्वस्तातल्या मोबाइलवर, दोन आठवड्यांच्या प्रयोगात ९६.७ टक्के अचूकता गाठली. व्यावसायिक टंकलेखन कंपनीच्या तोडीचं काम होतं ते. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासाचा सगळ्यात मजेदार निष्कर्ष वेगळाच आहे: लोक इतक्या हिरिरीने काम करत होते की अ‍ॅपच्या वापरावर मर्यादा घालावी, अशी शिफारस संशोधकांना करावी लागली. खेड्यातली माणसं आळशी असतात, असं चहाच्या टपरीवर ठासून सांगणाऱ्यांनी हे वाक्य दोनदा वाचावं.

पुढच्या वर्षी त्याच गटाने मराठी बोलण्याच्या ध्वनिमुद्रणाचा अभ्यास मांडला. खेड्यातले गरीब, शहरातले गरीब आणि विद्यापीठातले विद्यार्थी अशा ३६ जणांकडून १०९ तासांचं मराठी बोलणं जमवलं गेलं. गरिबांचं काम विद्यार्थ्यांच्या कामाइतकंच चांगलं निघालं. याच प्रकल्पातून २०२१ मध्ये ‘कार्या’ ही संस्था वेगळी झाली. ती तासाला किमान पाच डॉलर मोबदला देते, म्हणजे देशातल्या किमान वेतनाच्या कितीतरी पट. पण या लेखाच्या दृष्टीने तिची दुसरी अट जास्त मोलाची आहे: जमवलेली माहिती पुन्हा विकली गेली, तर त्या विक्रीतला वाटा काम करणाऱ्यालाही मिळतो. विडी वळणारीला पुडक्याच्या नफ्यातला वाटा कधी मिळाला नाही. इथे निदान कागदावर तरी तो मान्य झाला आहे.

आता पुन्हा सटाण्याकडे. गावाची तयारी काही वाईट नाही. राज्यात महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशन म्हणजे एमकेसीएल २००१ मध्ये स्थापन झालं आणि त्याचा एमएस-सीआयटी हा अभ्यासक्रम सरकारी नोकरीसाठी लागू लागल्याने तालुक्या-तालुक्यात संगणक वर्ग निघाले. टायपिंगच्या संस्था त्याआधीपासून होत्याच. मराठी तीस, इंग्रजी चाळीस अशा शासकीय परीक्षा देणाऱ्या मुलांचा खडखडाट कित्येक वर्षं तालुक्याच्या गावात ऐकू यायचा. आता तोही संगणकावर गेला. मराठा विद्या प्रसारक समाजाचं महाविद्यालय गावात आहे, नाशिकचं मुक्त विद्यापीठ घरबसल्या पदवी देतं. मुली शिकतात. शिकून लग्नाची वाट बघत घरी बसतात किंवा स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासिकेत वर्षांमागून वर्षं घालवतात. त्यांना दिवसाचे सहा तास आणि घरापासून हाकेच्या अंतरावर काम मिळालं, तर त्या नाशिकला जाणार नाहीत, हे उघड आहे.

विजेची गोष्ट पूर्वीइतकी जीवघेणी राहिलेली नाही. २००५ नंतरच्या भारनियमनाच्या वर्षांत ग्रामीण भागात दिवसाचे दहा-बारा तास वीज नसे आणि तेव्हा असं केंद्र काढणं म्हणजे डिझेल जाळणं होतं. गावठाणाचे फीडर शेतीपंपांपासून वेगळे झाले आणि गावाची वीज बरीच सुधारली. इंटरनेटचंही तसंच. २०११ मध्ये मंजूर झालेली ग्रामपंचायतींना फायबरने जोडण्याची योजना भारतनेट नावाने अजून रखडत-धडपडत चालू आहे. पण तालुक्याच्या ठाण्याला तिची वाट पाहायची गरज उरलेली नाही. आणि एक मोठा अडसर नोव्हेंबर २०२० मध्ये दूर झाला. तोवर बीपीओला दूरसंचार खात्याकडे प्रत्येक केंद्राची नोंदणी करावी लागे आणि घरून काम द्यायचं तर जाचक अटी होत्या. त्या महिन्यात नोंदणी रद्द झाली, डेटाचं काम करणारी केंद्रं या नियमांतून पूर्ण बाहेर पडली. करोनाच्या टाळेबंदीत पुण्या-मुंबईचे लॅपटॉप गावच्या ओट्यावर आले होतेच. सरकारने नियम त्यामागोमाग सैल केले.

मग अडतं कुठे? अडतं ते कोणतं काम मागायचं, इथे. इंग्रजी फॉर्मच्या टायपिंगसाठी सटाण्याने तमिळनाडूशी आणि फिलिपिन्सशी भावाची स्पर्धा करायची, तर त्यात कायम सगळ्यात स्वस्त राहावं लागेल. त्यात कुणी जिंकलेलं नाही. शिवाय हे काम आता यंत्रच करू लागलं आहे. छापील अर्ज वाचणं, बिलातली रक्कम उचलणं, तक्रारीला साचेबद्ध उत्तर देणं, यासाठी माणूस बसवायची गरज दर वर्षी कमी होते आहे. २००७ मध्ये देसीक्रूने जे केलं ते आज तसंच्या तसं करायला जाणं म्हणजे धंदा बसल्यावर दुकान उघडणं.

पण काही कामं अशी आहेत की ती मराठी माणसाशिवाय, आणि त्यातही गावाकडच्या माणसाशिवाय, होत नाहीत. २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीने कुणबी नोंदी शोधायला सुरुवात केली तेव्हा महाराष्ट्रातल्या तहसील कचेऱ्यांना अचानक मोडी लिपी वाचणाऱ्यांची आठवण झाली. जन्म-मृत्यूची रजिस्टरं, शाळांचे दाखले, जुने महसुली कागद असे कोट्यवधी दस्तऐवज तपासले गेले, पन्नास लाखांहून अधिक नोंदी सापडल्या, त्या स्कॅन करून जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर टाकल्या गेल्या. मोडी वाचणारे पुरेनात म्हणून ठिकठिकाणी धावपळ झाली. हे शुद्ध बीपीओचं काम आहे. कागद वाचायचा, टिपायचा, तपासायचा, पाठवायचा. ते मनिलात होत नाही. राज्याच्या पुराभिलेखागारात आणि देवस्थानांच्या, घराण्यांच्या कपाटांत न वाचलेली मोडी अजून पोत्यांनी पडून आहे.

दुसरं काम शेताभोवतीचं. बागलाणची द्राक्षं लवकर छाटणी करून बाजारात येतात. नाशिकच्या मुख्य हंगामाआधी. युरोपला जाणाऱ्या द्राक्षांसाठी शेतमाल निर्यातीसाठीच्या ‘अपेडा’ या केंद्रीय प्राधिकरणाची ‘ग्रेपनेट’ प्रणाली २००६-०७ पासून आहे आणि तिच्यात बागेची नोंदणी, फवारणीच्या नोंदी, प्रयोगशाळेचे अहवाल, पेटीपासून बागेपर्यंतचा माग, हे सगळं भरावं लागतं. पीक विम्याचे दावे, ई-पीक पाहणी, पतसंस्थांचं केवायसी, बाजार समितीच्या नोंदी. कसमादे म्हणजे कळवण, सटाणा, मालेगाव आणि देवळा या चार तालुक्यांत असा कागद रोज तयार होतो आणि तो बहुधा कुणा एजंटाकडून, घाईघाईने, चुकांसकट भरला जातो. तेल्या रोग पडलेल्या डाळिंबाचा फोटो बघून तो तेल्याच आहे की दुसरा डाग, हे ओळखणारी मुलगी बंगळुरूला मिळणार नाही. सटाण्यात ती प्रत्येक घरात आहे. शेतीच्या यंत्रांना शिकवण्यासाठी असे फोटो ओळखून देणारी माणसं लागतात आणि त्या कामाचा दर नुसत्या टायपिंगपेक्षा वरचा असतो.

तिसरं काम बोलीचं. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेने गूगलच्या मदतीने ‘वाणी’ हा प्रकल्प हाती घेतला, तो देशातल्या ७७३ जिल्ह्यांतलं बोलणं जमवण्यासाठी. पुस्तकी मराठीवर तयार झालेलं यंत्र बागलाणच्या अहिराणीपुढे गोंधळतं, हे कुणीही मोबाइलशी बोलून पाहावं. बोली नोंदवणं, लिहून काढणं, तपासणं, हे काम इथल्याच माणसाला करता येतं आणि ते पिढ्यान्‌पिढ्या पुरणारं नसलं तरी आज त्याला मागणी आहे.

या तिन्ही कामांत सटाण्याकडे काहीतरी असं आहे जे गिऱ्हाइकाकडे नाही. भावताव तिथे करता येतो. तमिळनाडूतल्या तेनकासीजवळ मथलंपराईत झोहो कंपनीने २०११ मध्ये कचेरी काढली, ती स्वस्त टायपिंगसाठी नव्हे. ‘झोहो डेस्क’ हे जगभर विकलं जाणारं सॉफ्टवेअर तिथे बनलं. तेवढी झेप सटाण्यातल्या पहिल्या केंद्राने घ्यावी, असं म्हणणं वेडेपणाचं होईल. पण गिऱ्हाइकं दोन-तीन असावीत, त्यातलं निदान एक जिल्ह्यातलंच असावं, करार केंद्राच्या नावाने असावा आणि टाइप करणाऱ्या मुलीला दोन वर्षांत तपासणारी, पुढे टीम लीडर होता यावं, एवढं पहिल्या दिवसापासून पाहता येतं. हे काम बाहेरचा कुणी उद्योगपती येऊन करील, याची वाट पाहण्यापेक्षा इथल्या महाविद्यालयाने, निर्यातदारांनी आणि शेतकरी उत्पादक कंपन्यांनी मिळून वीस सीटनी सुरुवात करावी. बाजार समितीच्या आवारात गाळे बांधायला जितका खर्च येतो, त्याहून हा खर्च फार मोठा नाही.

तोवर एक सावधगिरी. ‘घरबसल्या डेटा एंट्री, महिना पंचवीस हजार’ अशा जाहिराती मोबाइलवर रोज येतात आणि त्यांना सर्वांत जास्त बळी पडतात ती अशाच गावांतली शिकलेली, रिकामी बसलेली मुलं-मुली. पद्धत ठरलेली आहे. आधी नोंदणी शुल्क किंवा अनामत मागायची. मग वाचताही येणार नाही असे धूसर फॉर्म टाइप करायला द्यायचे. आठवड्याने अचूकता कमी भरली म्हणून काम नाकारायचं आणि करार मोडल्याबद्दल वकिलाच्या नावाची नोटीस पाठवून आणखी पैसे उकळायचे. ती नोटीस बहुधा खोटी असते, पण गावात इज्जतीच्या भीतीने लोक पैसे भरतात आणि घरात सांगतही नाहीत. खरी कंपनी काम देण्यासाठी उमेदवाराकडून पैसे घेत नाही. कुणी मागितले तर तिथेच थांबावं. पैसे गेलेच असतील तर लगेच १९३० या क्रमांकावर फोन करावा, कारण जितक्या लवकर तक्रार होईल तितकी ती रक्कम पुढच्या खात्यात जाण्याआधी बँकेत गोठवता येण्याची शक्यता अधिक असते.